नोंद आढळून येत नाही

बाबा, तुम्ही नाही म्हणाला होतात ते पान सापडलं. आजोबांच्या कोतवाल बुकातलं. कचेरीतून त्याची प्रत गेल्या आठवड्यात हातात पडली आणि तेव्हापासून ती माझ्या टेबलावर चष्म्याच्या घराखाली ठेवली आहे. दिवसातून दोनतीनदा काढते, वाचते, परत ठेवते. वाचायला आहेच किती, एक ओळ. पण तुमच्याशी भांडायला तेवढी पुरेशी आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझी भांडणाची हौस काही फिटलेली नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही अमरावतीच्या कचेरीत नकला करायचात. आजच्या मुलांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, माणूस गंमत्या असावा, लोकांच्या नकला करून हसवत असावा. तुम्ही आणि गंमत! सरकारी दप्तरातला कागद ज्याला हवा त्यानं अर्ज करायचा, अर्जावर तिकीट लावायचं, आणि तुम्ही लाल फडक्यातला गठ्ठा सोडून, मूळ कागद समोर ठेवून त्याची प्रत हातानं लिहून द्यायची, असं ते काम. कुणाला शेताच्या हद्दीचा कागद हवा असायचा, कुणाला जुन्या निकालाचा, कुणाला नुसती आपली जन्मतारीख. खेड्यातून आलेली माणसं व्हरांड्यात उकिडवी बसून तुमच्या टाकाकडे बघत राहायची. सुट्टीत दुपारी मी तुमची भाकर फडक्यात बांधून घेऊन यायचे आणि तुमचं जेवण होईपर्यंत तिथंच रेंगाळायचे. प्रत लिहून झाली की तिची रुजवात व्हायची. म्हणजे दुसऱ्या कारकुनानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि तुम्ही आपल्या प्रतीवरून बोट फिरवत अक्षर न् अक्षर जुळवायचं. मुळात डाग असेल तर ‘येथे डाग’, कोरं असेल तर ‘येथे कोरे’. तुमचे ते जोडीदार कानानं अधू, त्यामुळे ओरडून वाचायचे. कुणाचा आजा कशानं मेला, कुणाच्या भावानं कुणावर फिर्याद केली, सगळा व्हरांडा ऐकायचा. ज्याचा कागद तो मान खाली घालून बसायचा. मला त्या वाचनाची फार मजा वाटे. तुम्ही मात्र ते सुरू झालं की मला म्हणायचात, “जाय आता घरी. मायले काम असन.”

एकदा धारणीकडून, थोडं पायी आणि थोडं मोटारीनं, दोन दिवसांचा प्रवास करून एक बाई आली होती. तिच्या मुलाचं नाव बुकात भलतंच पडलेलं. लिहिणाऱ्याला ते कोरकू नाव कळलंच नव्हतं. ती म्हणाली, “साहेब, लिहिता लिहिता नीट करून टाका ना.” तुम्ही तेच चुकीचं नाव जसंच्या तसं उतरवून दिलंत. मला असा संताप आला होता! घरी येताना मी विचारलं, “कावून नाही केलं नीट? एक अक्षर त होतं.” तुम्ही चालता चालताच म्हणालात, “आज हिच्यासाठी मी चांगलं अक्षर बदलीन, उद्या दुसरा कोनी कोनासाठी वाईट बदलन. दप्तराले हात लावाचा नाही.” नाव दुरुस्त करायचा अर्ज वेगळा असतो आणि तो तुम्ही तिला फुकट लिहून दिला होता, हे मला पुष्कळ दिवसांनी तुमच्या जोडीदारांकडून कळलं. तुम्ही स्वतः असलं काही सांगायचा नाहीत. तुमचा चांगुलपणा नेहमी दुसऱ्याकडूनच ऐकावा लागायचा.

आपलं गाव कौंडण्यपूरपासून दोन कोसांवर, वर्धेच्या काठी, आणि आजोबा तिथले कोतवाल. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची नोंद ज्या बुकात व्हायची ते बुक मेणकापडात गुंडाळून त्यांच्या काखेत असायचं. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. घरोघर विचारून ते सगळं डोक्यात साठवायचे आणि बाजाराच्या आदल्या दिवशी शाळेच्या दाराबाहेर बसून गुरुजींना एकेक सांगायचे, “लिवा गुरुजी, पाटलाच्या घरी पोरगा, सोमवारी, दिवे लागल्यावर.” गुरुजी आत बसून लिहायचे. भरलेलं बुक आजोबा पायी जाऊन कचेरीत जमा करायचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी कोतवालकी सोडली, पण हातातलं बुक पुरं करून, जमा करून, पावती घेऊन मगच. “काम अर्धं टाकलं असं कोनी म्हनाले नको,” म्हणाले. असा माणूस. आणि या माणसाबद्दल आपल्या घरात एक गोष्ट हसत हसत सांगितली जायची की त्यानं साऱ्या गावाच्या नोंदी केल्या आणि स्वतःच्या घरात नात जन्मली तेव्हाच तेवढा विसरला. माय सांगायची, “लोकायच्या दारात उभे राहून विचारत, पोरगा का पोरगी. आपल्याच दारात कोन कोनाले विचारन?” सगळे हसायचे. मीही हसायचे. आजोबाही हसायचे आणि चिलीम पेटवायला उठायचे.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी मॅट्रिक झाले. आपल्या वस्तीतली पहिली मुलगी. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं. ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज आणला आणि कळलं की वय कमी पडतं. शाळेत घालताना माझी तारीख एक जून टाकलेली होती. हेडमास्तरांनी आमचा अर्धा वर्ग त्याच दिवशी जन्माला घातला होता. माय म्हणायची, तू हुरड्याच्या दिवसातली, म्हणजे त्या आधीच्या थंडीतली. तेवढे पाच-सहा महिने पदरात पडले असते तर काम होत होतं. शाळेतली तारीख बदलायला कोतवाल बुकातली नोंद लागते, आणि ती बुकं तुमच्याच दप्तरात. आजोबा विसरले म्हणतात, पण एकदा बघून तर घ्या, म्हणून मी तुमच्या मागे लागले. तुम्ही आठ दिवस टाळलंत. आज गठ्ठा सापडला नाही, आज साहेब दौऱ्यावर आहेत. मग मीच चारचौघांसारखा रीतसर अर्ज लिहिला, तिकीट लावलं, आणि कचेरीत येऊन तुमच्या टेबलावर ठेवला. तुमच्या जोडीदारांना कोण आनंद झाला. “घ्या आता,” ते ओरडून म्हणाले, “पोरीनं कायद्यानं मांगितलं. नाही म्हनता येत नाही!”

ती दुपार मी किती वेळा आठवली असेल. तुम्ही उठून आत जाता, गठ्ठा आणता, फडकं सोडता. आजोबांचं बुक मला लगेच ओळखू येतं, त्याच्या मेणकापडाचा वास अजून गेलेला नाही. तुम्ही पानं उलटता. तुमचं बोट रकान्यावरून सावकाश खाली सरकतं आणि एका जागी थांबतं. तुम्ही चष्मा काढता, सदऱ्याच्या टोकानं पुसता, परत लावता. जोडीदार हात पुढं करतात, “आना इकडे, मी वाचतो, तुमी लिवा.” तुम्ही पान उलटता आणि म्हणता, “वाचाले काही नाहीच.”

“नीट पाहा ना बाबा.”

“पाह्यलं. नाही.”

मी रडायला लागले. व्हरांड्यातली माणसं बघत होती, तरी मला लाज वाटली नाही. मी म्हटलं, आजोबा विसरले असतील तर तुम्ही लिहा, एक ओळ तर लिहायची, दिवस माय सांगते, आणि त्यात खोटं तरी काय आहे, मी जन्मले हे तर खरं ना? तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “रेकॉर्ड कोनाच्या बापाचं नसते, पोरी.” आणि मग कोरा कागद ओढून तुमच्या त्या सुरेख, गोल अक्षरात लिहून दिलंत, की अर्जदाराने मागितलेली नोंद शोधली असता दप्तरात आढळून येत नाही. खाली सही. अर्जदार म्हणे! घरी आल्यावर मी तो कागद मायच्या डोळ्यांदेखत चुलीत घातला. तुम्ही संध्याकाळी आलात, हातपाय धुतलेत, जेवायला बसलात, आणि मी तुम्हाला वाढलं नाही. मायनं वाढलं. भाकर मोडता मोडता तुम्ही एवढंच म्हणालात, “एक सालच त जाईन.” मला ते ‘एक सालच’ इतकं लागलं की पुढं किती महिने मी तुमच्याशी धड बोलले नाही.

ते साल मी अकोल्याला आत्याकडे काढलं. तुमची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरून मोडलं आणि पुन्हा झालं नाही, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक होतं. जठारपेठेत एका घरामागच्या खोलीत ती एकटी राहायची आणि जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. हंगाम संपला की एका माळिणीच्या भाजीच्या वाफ्यात खुरपायला. माय म्हणत होती, पोरीला इतक्या लांब कशाला पाठवता, आणि तुम्ही, जे माझी कुठलीही गोष्ट दहादा नाही म्हटल्याशिवाय ऐकायचा नाहीत, ते लगेच म्हणालात, जाऊ दे. स्वतः मोटारीत बसवून पोचवायला आलात. आत्या दारात उभी होती. मला बघून म्हणाली, “आली काय व? बस. भाकर खातं का?” बस, एवढंच स्वागत. ती मायेनं जवळ घेणारी बाई नव्हतीच. संध्याकाळी कामावरून यायची तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि मी ते वेचून काढायचे, त्या वेळी ती डोळे मिटून अगदी गप्प बसायची. मी दिवसभर रिकामी. म्हणून तिलाच शिकवायला घेतलं. पाटी आणली आणि माझी पहिली विद्यार्थिनी ती झाली. ‘क’ काढताना जीभ बाहेर यायची तिची. चार महिन्यांत सही करायला शिकली आणि मजुरीच्या दिवशी अंगठा द्यायला नाही म्हणाली, तेव्हा तिथल्या मुनीमानं डोळे मोठे केले, हे तिनं मला तीनदा सांगितलं. तुम्ही महिन्यातून एका रविवारी संत्री घेऊन यायचात. खोलीत यायचा नाहीत, उंबऱ्यातच बसायचात. मी फुगून आत भांडी वाजवत असायचे आणि ती तुम्हाला सांगायची, “दादा, पोरगी लय चांगली शिकवते. मास्तरीणच होईन हे.” तुम्ही मान हलवायचात. दोघं भाऊबहीण मग बराच वेळ काही न बोलता बसून राहायचात.

पुढच्या वर्षी वय आपोआप बसलं, मी ट्रेनिंगला गेले. तुम्ही तुमचं वापरातलं पेन मला दिलंत, निब नवी घालून. मी ते घेतलं आणि थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. पहिली नेमणूक धारणीकडे झाली, मग गावोगाव फिरत फिरत हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाले. आत्या गेली, तिच्यानंतर चारेक वर्षांनी तुम्ही गेलात, मग माय. नुकसान म्हणाल तर माझं काही झालं नाही. पण ती दुपार मनातून गेली नाही. माझ्या बापाला माझ्यापेक्षा दप्तर प्यारं होतं, हे मी नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, शाळेतल्या बायकांना सांगितलं. कधी रागानं सांगितलं, कधी चक्क अभिमानानं. कुणी शाळेच्या रजिस्टरात तारीख इकडची तिकडे करायला सांगितलं की मी म्हणायचे, माझ्या बापानं माझ्यासाठी केली नाही, मी तुमच्यासाठी करीन? तुमच्या त्या एका नकारावर मी आयुष्यभर शाळा चालवली असं म्हटलं तरी चालेल.

आता दिवस बदलले. माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, कुणीही साध्या कागदावर अर्ज करून सरकारी कागद मागू शकतो, आणि जुनी कोतवाल बुकं यंत्रात घालून त्यांची चित्रं काढून ठेवली आहेत असं मी पेपरात वाचलं. मला ऐंशीच्या घरात जन्मतारीख घेऊन काय करायचं होतं? काही नाही. पण हात शिवशिवले. आजोबांचं गाव, आजोबांचं नाव, ती थंडी आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे महिने असं घालून मी अर्ज केला, की या घरातल्या जन्माची नोंद असल्यास प्रत मिळावी. अर्जदाराच्या वडिलांचं नाव म्हणून तुमचं नाव लिहिलं. पंधरा-वीस दिवसांनी फोन आला, एकदा येऊन जा.

टेबलामागं एक तरुण मुलगी होती, माझ्या नातीच्या वयाची. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. समोरच्या पडद्याकडे बघितलं, माझ्या अर्जाकडे बघितलं, आणि जरा अडखळत म्हणाली, “काकू, नोंद आहे. पन रागावू नका, एक विचारनं भाग आहे. या नोंदीत तुमच्या वडिलांचं नाव नाही. एका दुसऱ्याच बाईचं नाव आहे. ती तिची खासगी माहिती होते, तिसऱ्या व्यक्तीची. नातं सांगितल्याशिवाय मले प्रत देता येत नाही.”

मी म्हटलं, “कोणत्या बाईचं?”

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग पडदा माझ्याकडे थोडा वळवला. कायद्यात बसत होतं की नाही कोण जाणे, तिचं भलं होवो. गुरुजींचं अक्षर होतं, शाई फिकी झालेली. पौष महिना. मुलगी, जिवंत. बापाच्या रकान्यात आडवी रेघ. त्याच्या शेजारी, जागा नसताना बारीक करून बसवलेलं आत्याचं नाव, आणि पुढं तीन शब्द, ‘कोतवालाची मुलगी, अविवाहित.’

“नातं काय लिवू काकू?” मुलगी विचारत होती. “कोन लागत होत्या त्या तुमच्या?”

बाबा, मी भाषेची मास्तरीण, पण मला त्या वेळी शब्द सापडेना. शेवटी मी म्हटलं, “माझ्या वडिलांची बहीण.” ते खरंच होतं. तिनं ते लिहिलं, माझी सही घेतली आणि प्रत दिली.

तेव्हापासून भांडते आहे. म्हणजे आजोबा विसरले नव्हते. लोकांच्या दारात विचारणारा म्हातारा स्वतःच्या घरातलं ते सगळं पोटात घेऊन शाळेच्या दाराबाहेर जाऊन बसला आणि ‘लिवा गुरुजी’ म्हणाला. काय वाटलं असेल त्याला? सगळ्या गावाचं लिहवून घेतो तर आपलं कसं लपवायचं, असंच वाटलं असणार. त्यानं खरं ते लिहवलं, आणि पुढं तुम्ही दोघांनी, तुम्ही आणि मायनं, मला आपली म्हणून घेतलं, गाव सोडून अमरावतीला आणलं, आणि त्याच्या विसरण्याची गोष्ट रचली. ती ऐकून तो बिचारा हसायचा. एका चोख माणसानं आयुष्यभर विसराळू ठरून घेतलं, माझ्यासाठी. आणि तुम्ही! ज्यानं धारणीच्या त्या बाईचं एक अक्षर बदललं नाही, त्यानं समोर नोंद दिसत असताना, बोट तिच्यावर ठेवून, ‘आढळून येत नाही’ असं लिहून सही केली. तुमच्या सगळ्या नोकरीत खोटा कागद बहुधा तेवढाच. मी जो तुमचा खरेपणा समजून साठ वर्षं मिरवला, ज्याच्यावर रागावले, तो कागद तेवढा खोटा निघाला.

खरी नक्कल दिली असती तर रुजवात करावी लागली असती. तुमच्या जोडीदारांनी ते पान हातात घेऊन आपल्या त्या आवाजात वाचलं असतं, बापाचे नाव, येथे रेघ, आईचे नाव अमुक, अविवाहित. भरल्या व्हरांड्यात, आणि मी समोर उभी. नाही म्हणून लिहिलं की वाचायला काही उरत नाही. एवढं सगळं तुम्ही चष्मा पुसता पुसता ठरवलंत? की ते आठ दिवस टाळत होतात तेव्हाच ठरलं होतं?

मला कळतं आणि तरी मी भांडणार आहे. कुणाला वाचवलंत? मला म्हणाल, तर सोळा-सतरा वर्षांची घोडी होते मी, मला घरी बसवून सांगता आलं असतं. तिला म्हणाल, तर तिला विचारलं होतं का? ती ओळ तिच्या आयुष्याची होती, माझ्याही आयुष्याची होती, आणि आम्हा दोघींपैकी कुणाच्याही हातात ती पडली नाही. ती तुमच्याकडे राहिली, लाल फडक्यात. त्या टेबलावरच्या पोरीनं निदान विचारलं तरी, ही माहिती कोणाची आहे. मग दुसरं मन म्हणतं, कदाचित तुम्ही तिला विचारलंही असेल. त्या रविवारांना उंबऱ्यात बसून दोघं गप्प का असायचात, हे मला कुठं माहीत आहे? आणि ते ‘एक सालच’, ते एक साल तुम्ही मला तिच्याकडे जाऊ दिलंत. मुद्दाम की नाइलाजानं, याचं उत्तर कुठल्याच अर्जानं मिळायचं नाही. तुम्हाला फार मोठेपणा द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. पण रात्री झोप चांगली लागते, हेही खरं.

अर्ज कशासाठी केला ते एकदा कबूल करून टाकते. मला तारीख नको होती. मला तुमची चूक पकडायची होती. नोंद असणार, तुम्ही घाईत पान उलटलं असणार, आणि मी ती शोधून काढून वर बघून म्हणणार, पाहा, होती! तसं झालंही. नोंद होती. फक्त वर बघून काय म्हणायचं ते आता सुचत नाही. हे पत्र मुलांना दाखवायचं नाही, तुमच्याकडे पोचायचं तर नाहीच. लिहून झालं की माझ्याच जुन्या सेवापुस्तकात ठेवून देईन. ते तसंही कुणी उघडत नाही.

आणखी एक आहे, ते तुम्हालाही आणि मायलाही कधी सांगितलं नाही. अकोल्याच्या त्या उन्हाळ्यात मला ऊन लागलं होतं. दोन दिवस तापानं फणफणले होते. आत्या कामावर गेली नाही, माझ्या तळपायांना कांदा चोळत बसली होती. दुपारी डोळा लागला, जाग आली, घसा कोरडा पडला होता, आणि मी डोळे न उघडताच म्हटलं, “माय, पाणी दे.” तांब्या उचलल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तर ती तांब्या धरून तशीच उभी होती, माझ्याकडे बघत. मला वाटलं, तिला वाईट वाटलं, इतकी सेवा करते आणि मी मायची आठवण काढते. म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, “आत्या म्हणणार होती मी. चुकून गेलं तोंडातून.” ती म्हणाली, “हो व. समजलं मले.” आणि पाणी पाजलं.

ती चूक मी लगेच दुरुस्त केली होती, बाबा.